आधी आपल्या टाचेला

राहाता
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अख्तरी आपास,
फैयाजचा सलाम. विनंती विशेष नाही, तक्रार विशेष आहे.

तुझं पाकीट काल शाळेतून आल्यावर जेवता जेवता उघडलं. माझा अपराध एवढाच की, बहिणीच्या पाकिटात पत्रच असेल असं मी गृहीत धरलं. आतून आधी पांढऱ्या केसांचा एक झुबका निघाला, त्याला चिकटलेली करडी खपली निघाली, आणि दोन्ही द्रव्यं माझ्या वरणाच्या वाटीत विधिवत विसर्जन पावली. तुझ्या भाभीने वाटी उचलली, मला उठवलं आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय घरात कशालाही शिवायचं नाही असा हुकूम काढला. इतकी वर्षं मुलांना संस्कृत शिकवतोय. पत्र म्हणजे पान, पत्र म्हणजे पंख, पत्र म्हणजे चिठ्ठी. खपली हा अर्थ कुठल्याच कोशात दिलेला नाही. पुढच्या वेळी नमुना पाठवायचा झाला तर पाकिटावर लाल शाईने ‘घोडी’ असं लिहीत जा, म्हणजे मी उपाशीपोटी उघडेन.

वरण टाकून दिल्यावर पत्र वाचलं, आणि मग मात्र जेवण तसंच राहिलं. आपल्या घोडीच्या, अल्मासच्या पाठीवर खोगिराखाली गोल चट्टे, केस मुळाशी तुटतात. मागच्या दोन्ही पायांना, खुराच्या वरच्या खोबणीत, ओल्या खपल्या आणि सूज. आणि हे सगळं लिहून झाल्यावर अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं तू लिहितेस की, आपला साज जुना झाला, म्हणून यंदा हनुमंत बँडवाल्याकडून भाड्याने आणते.

आपा, ही ओळ पहिली हवी होती. हनुमंताची ती मखमली झूल सकाळी एका गावच्या घोड्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी आपल्या अल्मासवर. घामाने थबथबलेली ती झूल घडी घालून टेम्पोत कोंबतात, तिला कधी ऊन दाखवत नाहीत. पायातल्या घुंगरांचे चामडी पट्टेही तसेच. घरातला टॉवेल दुसऱ्याने घेतला तर भांडणारी माणसं आपण, आणि जनावराने मात्र अख्ख्या तालुक्याचा घाम पाठीवर वागवायचा? त्यात तू वरात आटोपली की रोज पाय साबणाने धुतेस आणि ओलेच ठेवतेस. पांढऱ्या केसांखाली तिची कातडी गुलाबी, नाजूक. ती ओली राहते, वरून पट्टा आवळतो. ही बुरशी आहे, गजकर्ण आहे, नजर लागलेली नाही. शेजारच्या कडूबाईंना सांग, लिंबू-मिरची त्यांच्या स्वतःच्या दाराला बांधा.

तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉ. मारिया म्हणून नव्या बाई आल्यात असं तूच मागे लिहिलं होतंस. त्यांना दाखव. धनुर्मास लागला की लग्नं थांबतील, तेवढी सवड आहे. फेब्रुवारीत छबूबाईंच्या नातवाची वरात आहे. नवरा अल्मासवरच बसेल आणि लगाम अख्तरीच धरेल, असं त्या बाईने भर पंगतीत सांगितलंय. मेहुणे गेल्यावर तू वरातीपुढे चालायला लागलीस तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांची नाकं अजून सरळ झालेली नाहीत. त्यांना आयती संधी देऊ नकोस.

फोन का करत नाही, असं भाभी विचारते. फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि मला कमी बोलायला मिळतं. पत्रात तू मध्येच ‘बरं, ठेव’ म्हणू शकत नाहीस.

साखरेच्या आजाराच्या गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
फैयाज


तिसगाव
२६ नोव्हेंबर

चि. फैयाज यास अनेक आशीर्वाद.

पंडितजी, वरणाचं वाईट वाटलं. भाभीला म्हनावं, मी आले की दुसरं करून घालीन. आनि गोळ्या घेते. दर पत्रात विचारू नको, पोस्टमन आमच्या दारात बसून च्या पितो, त्याला सगळं ठाऊक हुतं.

तुझं पत्र यायच्या आधी एक वरात हुती. नाव लिहीत न्हाई, सोयऱ्यातले लोक हायेत. अल्मासला सजवून दारात उबी केली. नवऱ्याच्या मामानं झूल उचलून पाठ बघितली आनि सगळ्यांदेखत म्हनला, ‘ही रोगी घोडी हाय, पोराला काय कोड आनायचं का?’ मी म्हनले, दादा, हे कोड न्हाई. त्यो म्हनला, बाईच्या हातात लगाम असल्यावर असंच व्हनार. तितं हनुमंत बँड घेऊन उबा हुता. साज त्याचा, त्याच्याच झुलीखालून हे आलं, आनि त्यो लोकांना सांगत हुता की मी तर अख्तरीबाईला आधीच म्हनलो हुतो. मग त्याचाच तांबडा-तपकिरी कुम्मैत घोडा आनला आनि नवरा त्याच्यावर बसला. मी अल्मासला घेऊन मागच्या गल्लीनं घरी आले. तिला वाजंत्री ऐकू आली की ती नाचाया बघती. गल्लीत एकटीच नाचली.

त्या रागात मी चौकातल्या मेडिकलमदी गेले आनि त्याला सांगितलं गजकर्नावर चांगली ट्यूब दे. त्यानं दिली, म्हनला मानसाला लागती तशी जनावरालाबी लागती, तीन औषधं एकात हायेत. अब्बाच्या रीतीनं आधी आपल्या टाचेला लावली. रातभर ठेवली, काही झालं न्हाई. मग तिच्या पाठीला आनि पायाला लावली. फैयाज, जादूच झाली बग. लाली गेली, खाज गेली. आता छबूबाईची वरात जोरात करनार.

अब्बाची लई आठवन येती. नगरला त्यांचा पाय काढला तवा शुद्धीवर आल्या आल्या म्हनले, घोडीला चारा टाकला का? तशीच मी झाले हाय.

तुझी,
अख्तरी


राहाता
३ डिसेंबर

ती. आपास सलाम.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास नववीच्या मुलांनी माझ्या रागाचा उगीचच प्रसाद घेतला. मुलं बिचारी विभक्ती चालवत होती.

आधी त्या मामाविषयी. त्याचं नाव तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. नाहीतर मी त्याला शिष्टाचाराने भरलेलं असं पत्र धाडलं असतं की, वाचून झाल्यावर आपला अपमान झाला हे त्याला महिन्याने कळलं असतं. घोडीच्या अंगावरचे चट्टे बाईच्या हातामुळे येतात! असल्या न्यायाने गावातल्या साऱ्या पुरुषांच्या हातची जनावरं चकाकत असायला हवीत. मी राहात्याच्या बाजारात दर आठवड्याला उलट पाहतो. आणि हनुमंत! ज्याच्या झुलीने रोग वाटला त्याने रोग्यापासून सावध राहण्याचा उपदेश करायचा, आणि त्याच घटकेला आपला घोडा पुढे करायचा. या माणसाकडे सनई आहे, ताशा आहे, फक्त लाज भाड्याने मिळत नाही म्हणून नाही.

आता ती ट्यूब. आपा, ती ताबडतोब कचऱ्यात टाक. थांब, कचऱ्यातही नको, गाय खाईल. पुरून टाक. तुझ्या भाभीच्या मानेला मागे नायटा झाला तेव्हा अशीच एक तीन-एकात ट्यूब दुकानदाराने दिली होती. चार दिवस मान चंद्रासारखी, आणि मग नायटा कानापासून खांद्यापर्यंत. कोपरगावच्या त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की त्यातलं एक औषध लाली दाबतं, खाज दाबतं, आणि आत बुरशीला निवांत खाऊपिऊ घालतं. वरून स्वच्छ, आतून वस्ती. ज्याने जनावर पाहिलं नाही, चट्टा पाहिला नाही, त्याने काउंटरवरून हात लांब करून हे औषध द्यायचं आणि वर ‘मानसाला लागती तशी’ हा सिद्धान्त सांगायचा! त्याला कुणी विचारलं नाही का, मग गोळ्याही घोडीच्याच घेतोस का?

अब्बांची रीत चांगली होती. टांग्याच्या घोडीला मलम असो, लेप असो, आधी स्वतःच्या टाचेला. जे आपल्याला सोसवत नाही ते मुक्या जिवाला लावायचं नाही. तिसगाव-पाथर्डी रस्त्यावर लोक हसायचे, पण त्यांच्या घोडीला कधी पोळलेलं कुणी पाहिलं नाही. पण टाचेला एवढंच कळतं की झोंबतं की नाही. आत काय पोसलं जातंय ते टाचेला कळत नाही. म्हणून डॉ. मारिया. कडूबाई नाही, मेडिकल नाही, मीही नाही. जाशील ना?

तुझा,
फैयाज


तिसगाव
१५ डिसेंबर

चि. फैयाज,

तू म्हनला तसंच झालं. जादू चार दिवसांची. मग चट्टे पाठीवरून पोटाखाली आले, एकाचे चार झाले. पाय तर लईच. खपल्या फुटून पानी येया लागलं, सूज गुडघ्याकडं चढली. तिला पाय टेकवंना.

डॉक्टर बाई रजेवर गेल्त्या. तेवढ्यात कडूबाई आली. तिचा मुलगा आसाराम बैलाला मोरचूद लावतो, जळक्या तेलात कालवून, म्हनली दोन दिवसांत खपली गळून पडती. मला तुझं पत्र आठवत हुतं, पन तिला लंगडताना बघवंना. मी रीतीनं आधी टाचेला लावलं, घट्ट चोळून लावलं, फडकं बांधलं, अर्धा दिवस ठेवलं. काही झोंबलं न्हाई, काही न्हाई. तवा मी तिच्या पायाला लावलं.

फैयाज, तिनं अशी लाथ झाडली की गव्हानीची फळी मोडली. मला लागलं न्हाई. तिच्या डोळ्यातून पानी. मी धुवाया गेले तर जवळ येऊ देईना, माझी अल्मास मला जवळ येऊ देईना. दुसऱ्या दिवशी बघते तर कातडी सोलून आल्ती.

मग डॉक्टर बाई आल्या. तू रागावतो तशा त्या रागावत न्हाईत, खाली बसून जखम बघत ऱ्हातात, त्ये वाईट. मग म्हनल्या, ‘आजी, रोग मी बरा करीन. हे जळालेलं तिनंच बरं करायचंय.’ केस बारीक कातरले. कोमट पान्यानं, औषधी साबनानं धुवायचं, फेस थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग धुवून कोरड्या फडक्यानं टिपून टिपून सुकवायचं, अगदी खोबनीतबी. खपली ओढायची न्हाई, भिजवून आपली आपन पडू द्यायची. मलम पातळ, तूप लावतो तसं. तबेल्यातली ओल काढून राख आनि कोरडं तनीस. तिचा खरारा तिचाच. घुंगरू बंद. झूल परत. त्यांनी रबरी हातमोजे दिल्यात, म्हनल्या हे मानसाला लागतं. मी म्हनले घालीन.

जुना साज मी आनि कडूबाईनं मिळून दुरुस्त कराया काढलाय. ती रडत हुती, म्हनली माझ्यामुळं. मी म्हनले तुझ्यामुळं न्हाई, मी लावलं.

तू रागाव. मला बरं वाटंल.

अख्तरी


राहाता
२२ डिसेंबर

ती. आपास सलाम.

आज्ञेप्रमाणे रागावतो. पण क्रमाने.

पहिला राग आसारामच्या बैलावर, त्याने मोरचूद सहन केलं म्हणून. दुसरा राग गावोगावच्या त्या अदृश्य विद्यापीठावर, जिथे मोरचूद, जळकं तेल, बॅटरीचं पाणी, रॉकेल हे सगळं ‘उष्ण’ म्हणून औषधात मोडतं, आणि जनावर ओरडलं की ‘लागू पडलं’ म्हणतात. मोरचूद हे द्राक्षबागेवर फवारायचं विष आहे. ते उघड्या जखमेवर घासायचं! एखाद्या माणसाला असं कुणी केलं तर पोलीस येतात. मुक्या जिवाची तक्रार घ्यायला ठाणं नाही, म्हणून हे खपतं. तिसरा राग त्या रजेवर, ज्या रजेच्या काळात साऱ्या तालुक्याच्या जनावरांना दुसरा डॉक्टर नसतो. बाईंना रजा मिळायलाच हवी. पण त्यांच्या जागी दाराला कुलूप, हा कुठला कारभार?

तुझ्यावर राग आला होता. गव्हाणीची फळी मोडल्याचं वाचून उतरला. अल्मासने न्याय केला, मी वेगळा काय करणार?

एका गोष्टीचं मात्र आश्चर्य वाटलं, आपा. घोडीची कातडी सोलणारं मोरचूद तुझ्या टाचेवर अर्धा दिवस बसून राहिलं आणि तुला मुंगी चावल्याएवढंही झालं नाही! अनवाणी फिरून फिरून तू टाच केवढी राकट करून ठेवलीस? अब्बांचीच टाच तुला आली, वारसा म्हणतात तो हा. माझी टाच इतकी नाजूक की शाळेच्या मैदानातला खडा टोचला तरी मी दोन दिवस लंगडतो आणि मुलांना वाटतं गुरुजींना गुडघा झाला.

हातमोजे घालत जा. ‘घालीन’ हे तुझं क्रियापद मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला भूतकाळ कधी येत नाही. अंगावर कुठे गोल चट्टा उठला तर मला लिही, आणि डॉ. मारियांचं मलम स्वतःला लावू नकोस.

हनुमंताला मी एक पत्र लिहिलं होतं, चार पानी. भाभीने वाचलं आणि म्हणाली, ‘हे समजायला त्याला आधी संस्कृत शिकावं लागेल.’ म्हणून फाडलं.

तुझा,
फैयाज


राहाता
१२ जानेवारी २०२५

ती. आपास सलाम.

तीन आठवडे पत्र नाही. पोस्टमनचा चहा बंद केलास की त्याचा तुझ्या दारातला मुक्काम? अल्मास कशी आहे एवढं कार्डावर लिही. ‘बरी’ ही दोन अक्षरंही चालतील, आणि वाईट असेल तर तेही दोनच अक्षरांत मावतं.

फैयाज


तिसगाव
२५ जानेवारी

चि. फैयाज,

बरी. पन एवढ्यावर तू ऐकनार न्हाई.

पाठीवर नवे केस आलेत, मऊ, वासराच्या कानासारखे. पायाची सूज गेली, खोबन कोरडी ठनठनीत. सोललेल्या जागी डाग ऱ्हाईल म्हनतात डॉक्टर बाई, राहू दे. पैल्या आठवड्यात ती मला बघून कान मागं टाकायची. मी नुसती गव्हानीजवळ बसून राहायची, फडकं हातात घेऊन. एक दिवस तिनं आपनहून पाय पुढं केला. मी रडले. पत्र लिहायला उशीर त्याच्यापायी.

आता ऐक, तुला आवडंल असं. संक्रांतीनंतर पैलीच मोठी वरात, हनुमंताचा कुम्मैत. नवऱ्यानं क्रीम रंगाची सलवार घातल्ती, भरजरी. दुपारचं ऊन, घोड्याला घाम फुटला. देवळापाशी नवरा उतरला आनि बायका ओरडल्या. सलवार आतून सगळी तांबडी-तपकिरी! हनुमंतानं घोड्याचे चट्टे झाकाया बूट पालिश चोपडलं हुतं. नवऱ्याची आई हनुमंताला जे बोलली ते मी पंडिताला लिहू शकत न्हाई. मी कडूबाईच्या ओट्यावरनं ऐकलं. आनंद झाला, आनि मग त्या कुम्मैताचं वाईट वाटलं. त्याच्या चट्ट्यावर पालिश झोंबत असंल. दुसऱ्या दिवशी हनुमंत माझ्या दारात आला, मान खाली, म्हनला, ‘आपा, त्या बाईंचा नंबर द्या.’ मी दिला. तू असता तर दिला नसता. डॉक्टर बाई त्याच्या घोड्याला बगत हायेत. साज उन्हात टाकाया लावला त्यांनी, अख्खी गल्ली मखमलीची झाली हुती.

आमच्याकडं आनखी एक गंमत. परवा हिरीवरून घरी आले, कडूबाई मागनं पळत, हातात माझी एक चप्पल. म्हनली, अगं अर्ध्या वाटंवर पडल्ती, तू तशीच गेली एका चपलंवर! मला कळलंच न्हाई. सगळी गल्ली हसली. म्हातारपन दुसरं काय.

छबूबाईच्या नातवाची वरात चौदाला. अल्मास जाईल. नवीन दुरुस्त साज. लगाम आसाराम धरंल, मी त्याला शिकवलंय. मला आता एवढं चालायची हौस न्हाई, छबूबाईला समजावलं. तू रागावू नको. मी ओट्यावर बसून बघीन. रमजान आला की तुमी दोघं या, मी रोजे धरनार हाय.

तुझी,
अख्तरी


राहाता
३१ जानेवारी

ती. आपास सलाम.

तक्रार तयार होती. क्रीम रंगाची सलवार तपकिरी झाली आणि ते दृश्य पाहायला मला बोलावलं नाहीस, या अन्यायावर पान भरून मजकूर मनात जुळला होता. तुझं पत्र भाभीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. कुम्मैतापाशी आम्ही हसलो. हनुमंताची मान खाली गेली तिथे मी एकटाच हसलो, भाभी म्हणाली, ‘आपाने नंबर दिला, तेच बरं.’ चपलेपाशी पुन्हा दोघं हसलो. मग भाभी हसायची थांबली आणि म्हणाली, ‘पायातून चप्पल निघाली, आणि पायाला कळलं नाही?’

आपा, त्यानंतर मला तुझं मोरचूद आठवलं.

घोडीने लाथ झाडून फळी मोडली. तुझ्या टाचेवर तेच अर्धा दिवस होतं, फडक्याखाली, आणि तू लिहिलंस, काही झोंबलं नाही. आणि मी, शिकलेला माणूस, त्यावर विनोद केला. राकट टाच म्हणालो, वारसा म्हणालो. त्या टाचेचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही आणि तू लिहिलं नाहीस. दोन महिने तू मला अल्मासच्या चारही पायांची बारीकसारीक खबर दिलीस, खोबणीतली ओल, खपली, सूज, नवे केस. तुझ्या दोन पायांविषयी एक ओळ नाही. आणि आता, वरातीपुढून चालण्यासाठी ज्या गावाशी तू भांडलीस, त्याच गावात तू लगाम आसारामच्या हाती देऊन ओट्यावर बसणार आहेस. हौस नाही म्हणतेस. तुला हौस नाही, हे मी लिहून घेतो, पण मानत नाही.

मी आजवर ट्यूबवाल्यावर रागावलो, मामावर रागावलो, हनुमंतावर, मोरचुदावर, बैलावरही. एवढा राग हाताशी होता की बाकी काही पाहायची गरजच पडली नाही. आता तुझ्यावर रागावतोय, खरोखर. साखर असताना उघड्या पायाने ओल्या तबेल्यात उतरायचं, प्रत्येक लेप आधी स्वतःवर, आणि जखम झाली की गप्प! नगरला पाय काढायच्या आधी अब्बांच्या टाचेलाही असंच झालं होतं. घोडीचं मलम लावून पाहायची रीत होती, म्हणून टाचेवरचा फोड कुणाला वेगळा वाटला नाही. ते म्हणायचे, दुखत नाही, घोडीचं बघा. आपण घोडीचं बघितलं.

ही रीत आता बंद. मी घरातला धाकटा आहे, मला हा अधिकार नाही, तरी बंद करतो. त्यांच्या टाचेला जोवर कळत होतं तोवर ती रीत खरी होती.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. भाभी येतेय, वरणाची वाटी घेऊन. तुला घेऊन नगरला जाणार. पायाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे, आणि अल्मासला त्या दिवशी कडूबाई चारा टाकतील, त्यांना मी आजच फोन करून सांगितलंय. त्यांनी चाऱ्याचं कबूल केलं. मग म्हणाल्या, ‘टाचंला फडकं अजून बांधलेलं हाय, भाऊ. ती सोडू देत न्हाई.’ रोज्यांचं डॉक्टर सांगतील ते. पत्राचं उत्तर लिहू नकोस, मी पोचेपर्यंत पोचणार नाही. फडकं सोडू नकोस, त्यावर काही लावू नकोस, चपला घालून बैस.

अल्मासची मला काळजी नव्हती, आपा. तिला दुखलं की ती लाथ मारते, आणि सगळी धावतात. तुला दुखत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

तुझा,
फैयाज